एसीसी टूर्नामेंट, ग्रीन्सबरो आणि शार्लट: फायनलपेक्षा गुरुवारचं तिकीट काढा

आधी कामाचं बोलतो, गोष्टी नंतर. नॉर्थ कॅरोलायनात राहत असाल किंवा मार्चमध्ये इकडे कुणाकडे येणार असाल, आणि कॉलेज बास्केटबॉलची एसीसी टूर्नामेंट ग्रीन्सबरोला नाहीतर शार्लटला असेल, तर जा. खेळातलं फार कळत नसेल तरी जा. फक्त फायनलच्या मागे लागू नका, बुधवार नाहीतर गुरुवारचं तिकीट बघा. शनिवारी रात्री दोनच कॉलेजं उरलेली असतात, बाकीची माणसं आपापल्या गावी परत गेलेली असतात. बुधवारी-गुरुवारी मात्र बहुतेक सगळे असतात, एकाच छताखाली, आपापल्या रंगाचे शर्ट घालून, आणि जे बघायला जायचं ते खरं तेच आहे.

मी 2000 साली एमएस करायला एनसी स्टेटला, म्हणजे नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीला आलो, तेव्हापासून रॉली-केरी भागातच आहे. लेक चॅपल हिलला यूएनसीमध्ये, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलायनात गेली. म्हणजे माझ्या कॉलेजचा रंग लाल आणि तिचा आकाशी निळा, बायको दोघांच्या मधे. इथल्या माणसाला हे सांगितलं की तो लगेच विचारतो, मग घरी जेवता कसे तुम्ही? आणि हे तो अगदी मनापासून विचारतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एसीसी म्हणजे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, आपसात खेळणाऱ्या कॉलेजांचा एक गट. 1953 साली ग्रीन्सबरोजवळच्या सेजफील्ड इन या हॉटेलात सात कॉलेजांनी जुनी कॉन्फरन्स सोडून ही नवी काढली, त्याच वर्षी पुढे व्हर्जिनिया येऊन मिळालं. त्या आठातली चार एकट्या नॉर्थ कॅरोलायनातली. ड्यूक डरहममध्ये, यूएनसी चॅपल हिलमध्ये, एनसी स्टेट रॉलीत, आणि वेक फॉरेस्ट तेव्हा रॉलीच्या उत्तरेला त्याच नावाच्या गावात होतं, ते 1956 साली सिगारेटवाल्या रेनॉल्ड्स घराण्याच्या पैशांवर अख्खंच्या अख्खं विन्स्टन-सेलमला हललं. या सगळ्या पट्ट्यात तंबाखू पिकायचा आणि सिगारेटी बनायच्या म्हणून याला टोबॅको रोड म्हणतात. ड्यूक आणि यूएनसीमध्ये गाडीने जेमतेम दहा मैल. आता विचार करा, दहा मैलांवर दोन कॉलेजं, दोघांचाही रंग निळा, एक गडद आणि एक फिका, आणि दोघांकडेही राष्ट्रीय अजिंक्यपदं. ऑफिसात शेजारच्या टेबलावर एक, चर्चमध्ये पुढच्या बाकावर दुसरा, सासरा तिसऱ्याचा. इथे व्यावसायिक संघ फार उशिरा आले, त्याच्या कितीतरी आधीपासून लोकांचं सगळं प्रेम कॉलेजच्या संघांवर बसलेलं आहे.

मी कोल्हापूरचा, त्यामुळे मला हे समजायला वेळ लागला नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळाची फुटबॉलची मॅच ज्यांनी बघितलीय त्यांना वेगळं काही सांगायला नको. तुम्ही कुठल्या पेठेत जन्मलात त्यावर तुमचा संघ ठरतो, तो बदलता येत नाही, आणि बदलावा असं कुणाला वाटतही नाही. घरातले म्हातारे खेळाडूंची नावं अशी घेतात जशी काही आपल्याच पोरांची आहेत. इथेही अगदी तसंच आहे, पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या तोंडून एवढंच निघालं की नादच खुळा.

पहिल्यांदा बघितलं ते 2003 ला, विद्यार्थी असताना, ग्रीन्सबरोलाच. फायनल, स्टेट विरुद्ध ड्यूक. दुसऱ्या हाफमध्ये आम्ही पंधराने पुढे होतो, आमच्या मागच्या रांगेतला एक माणूस, पन्नाशीचा असेल, तो रडायला लागला होता, कारण स्टेटने एसीसी शेवटची जिंकली होती 1987 ला. आणि मग ड्यूकचा जेजे रेडिक नावाचा पहिल्या वर्षाचा पोरगा सुटला तो थांबलाच नाही, एकट्याने तीस पॉइंट मारले, त्यातले बहुतेक दुसऱ्या हाफमध्ये, आणि आम्ही 84-77 हरलो. परत येताना गाडीत पाच जण होतो, कुणी एक शब्द बोललं नाही. मला अमेरिकेत येऊन तीन वर्षं झाली होती आणि त्या रात्री पहिल्यांदा वाटलं की इथलं काहीतरी आपलं आहे, कारण परक्याच्या हरण्याने एवढं दुखत नाही.

या टूर्नामेंटचं एवढं वेड का, त्याला कारण आहे. 1974 पर्यंत राष्ट्रीय स्पर्धेत, म्हणजे एनसीएए टूर्नामेंटमध्ये, एका कॉन्फरन्समधून एकच संघ जायचा. आणि एसीसीचा नियम असा की जो ही टूर्नामेंट जिंकेल तोच जाणार. म्हणजे वर्षभर सगळं जिंकून तीन दिवसांत एकदा घसरलात की घरी. 1974 ची फायनल याच ग्रीन्सबरो कोलिसियममध्ये झाली, स्टेटने मेरीलँडला ओव्हरटाइममध्ये 103-100 हरवलं. दोन्ही संघ देशातल्या सगळ्यात भारी संघांमधले आणि त्यातला एक तिथेच संपला. पुढच्याच वर्षी एनसीएएने बत्तीस संघ केले आणि एका कॉन्फरन्सचे एकापेक्षा जास्त घ्यायला सुरुवात केली, त्यामागे या मॅचचा मोठा हात आहे असं सगळेच मानतात. स्टेट त्या वर्षी देशाचं अजिंक्यपदही जिंकलं, तेही याच इमारतीत. इथल्या साठीच्या पुढच्या कुठल्याही माणसाला स्टेटच्या त्या संघातला हिरो डेव्हिड थॉम्पसन, त्याचं नाव घेऊन बघा, तो हातातलं काम खाली ठेवून बोलायला लागतो.

आणि शाळा. हे मला खोटं वाटायचं, पण एवढ्या लोकांनी सांगितलंय की आता शंका नाही. टूर्नामेंटच्या शुक्रवारी शाळेत मास्तरीण चाकाच्या स्टँडवरचा टीव्ही ढकलत वर्गात आणायची आणि त्या दिवशी अभ्यास बंद. गणिताच्या तासाला मॅच, इतिहासाच्या तासाला मॅच. माझ्या वयाची इथली माणसं हे सांगताना अशी हसतात जसं आपण पावसाने शाळा लवकर सुटल्याचं सांगतो.

आता 2023 चं सांगतो, कारण तेव्हाच मी हे सगळं नीट, आत बसून, दोन दिवस बघितलं.

तिकिटाची पद्धत अशी आहे की चांगल्या सीट कॉलेजांच्या देणगीदार लोकांकडे जातात. 1960 च्या दशकापासून पुढे कित्येक वर्षं तर सर्वसामान्यांना तिकीट विक्रीच नव्हती, सगळं कॉलेजांमार्फत, आणि पूर्ण टूर्नामेंटचा संच एकत्र मिळायचा, त्याला लोक अजून बुक म्हणतात. बापाकडून पोराकडे जाणारी ही गोष्ट. माझ्या ऑफिसातल्या एकाच्या वडिलांकडे वेक फॉरेस्टच्या ब्लॉकमधली अशी सीट आहे, त्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं म्हणून त्यांनी बुधवार आणि गुरुवार दुपारचं तिकीट मला दिलं, पैसे घेतले नाहीत, एकच अट घातली की लाल शर्ट घालून बसायचं नाही. मी पांढरा घातला.

बुधवार, 8 मार्च. केरीहून आय-40 हायवेने सव्वा तास. बाराला पहिली मॅच, वेक विरुद्ध सिराक्यूज. मी सीटवर जाऊन बसलो तर डावीकडचे आजोबा माझ्याकडे बघतच राहिले. ऐंशीच्या घरातले, सोनेरी-काळा स्वेटर. म्हणाले, ही सीट अमक्याची आहे, तो कुठंय? मी सांगितलं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, बरे आहेत, त्यांनीच पाठवलंय. मग उजवीकडच्या बाई, पुढच्या रांगेतले दोघे, मागचं एक कुटुंब, सगळे वळले, सगळ्यांना त्यांची तब्येत विचारायची होती. वीस-बावीस वर्षं ही माणसं दर मार्चला एकमेकांच्या शेजारी बसतात आणि बाकी वर्षभर भेटत नाहीत. एकमेकांच्या नातवंडांची नावं माहीत आहेत, घराचे पत्ते माहीत नाहीत. त्या बाईंनी माझा फोटो काढला आणि त्यांना पाठवला, खाली लिहिलं, तुमची सीट सांभाळलेली आहे.

आजोबांच्या मांडीवर स्कोअरबुक होतं. छापील, रेघांचं, आणि पेन्सिल. कोण मारलं, किती मारलं, फाउल कुणाचा, सगळं हाताने. समोर एवढा मोठा स्कोअरबोर्ड लटकलेला असताना हे कशाला असं मला वाटलं आणि मी विचारलंही. ते म्हणाले, लिहिलं नाही तर माझं लक्ष राहत नाही. दोन पॉइंटला 2, तीनला 3, फ्री थ्रोला छोटा गोल, आत गेला तर गोल भरायचा. हात थोडा थरथरत होता पण आकडे सगळे एका रेषेत. त्यांनीच मला 1995 चं सांगितलं, रँडॉल्फ चाइल्ड्रेस नावाचा वेकचा गार्ड, तीन मॅचमध्ये 107 पॉइंट, याच कोलिसियममध्ये, आणि फायनलला ओव्हरटाइममध्ये यूएनसीला हरवलं. हे सांगताना त्यांनी कोर्टवरच्या एका जागेकडे पेन्सिलीने बोट दाखवलं, तिथे, त्या जागी.

मॅच शेवटपर्यंत बरोबरीत. अर्धा सेकंद राहिलेला असताना वेकच्या डेव्हियन विल्यमसनने कोपऱ्यातून तीनचा मारला आणि आत गेला, 77-74. पोरगा विन्स्टन-सेलमचाच, म्हणजे इथून अर्ध्या तासावरचा. आमचा अख्खा ब्लॉक उभा राहिला, अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती, त्या बाईंनी मला असं घट्ट धरलं की माझा चष्मा पडला. आणि आजोबा बसूनच. त्यांनी आधी सावकाश 3 लिहिला, त्याला एक गोल केला, पेन्सिल कानावर ठेवली, वही मिटली, आणि मग उठून उभे राहिले आणि दोन्ही हात वर केले. हे मी आयुष्यभर विसरणार नाही.

ती मॅच सिराक्यूजचे कोच जिम बेहाइम यांची शेवटची ठरली. 47 सीझन एकाच कॉलेजचे हेड कोच, त्याच दिवशी कॉलेजने नवा कोच जाहीर केला. याच बेहाइमनी 2017 ला म्हटलं होतं की ग्रीन्सबरोत खेळण्यात काही अर्थ नाही, टूर्नामेंट न्यूयॉर्कसारख्या मोठ्या शहरात हवी. इथली माणसं ते विसरलेली नव्हती. पण ते कोर्टवरून निघाले तेव्हा आमच्या ब्लॉकमधले बरेच जण उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यात आजोबाही होते. मला त्या गोष्टीचं फार कौतुक वाटलं.

गुरुवार हा खरा दिवस. चार मॅच, दुपारी दोन आणि रात्री दोन, आणि नॉर्थ कॅरोलायनातली चारही कॉलेजं त्या दिवशी खेळणार होती. दुपारी वेक मायामीशी 74-72 हरलं, दोन पॉइंटने. आजोबांनी वहीचं पान पूर्ण भरलं, खाली तारीख घातली, माझा फोन नंबर घेतला, हात मिळवला आणि निघाले. मग ड्यूकने पिट्सबर्गला 96-69 असं धुतलं. ड्यूकची मॅच बघताना एक गंमत कळते, बाकी तिन्ही कॉलेजांची माणसं तेवढ्या वेळापुरती पिट्सबर्गची होतात. पिट्सबर्गने काही केलं की लाल, आकाशी, सोनेरी सगळे एकत्र ओरडतात. ड्यूकवाल्यांना याचं काहीच वाटत नाही, त्यांना सवय आहे.

दुपारचं सेशन संपलं की सगळ्यांना बाहेर काढतात आणि रात्रीचं तिकीट वेगळं लागतं, हे लक्षात ठेवा. रात्री बायको आणि लेक येणार होत्या. आमच्या तिघांच्या सीट मी एका रीसेल साइटवरून घेतल्या होत्या आणि इथे माझी एकच तक्रार आहे. दाखवलेली किंमत एक आणि शेवटच्या पानावर फी लावून झालेली किंमत दुसरीच, आणि एवढं करून तिकिटं फोनवर यायला सात वाजायला वीस मिनिटं उरेपर्यंत वाट बघायला लावली. लेक पार्किंगमध्ये उभी, तिच्या मॅचला वीस मिनिटं, डोळ्यात पाणी. तुम्ही असं करू नका. गेटबाहेर जा आणि ज्यांचं कॉलेज नुकतंच हरलंय त्यांना विचारा. हरलेल्या कॉलेजची माणसं उरलेल्या दिवसांची तिकिटं तिथेच विकतात, ही इथली जुनी रीत आहे, आणि बहुतेक जण वाजवी भाव लावतात कारण त्यांना लवकर घरी जायचं असतं. आता तिकिटं फोनवर असल्यामुळे समोरच ट्रान्सफर करून घ्यायचं, आलेलं दिसलं की मग पैसे द्यायचे.

मधल्या वेळात जेवायचं तर कोलिसियमच्या समोरच, रस्ता ओलांडला की स्टेमीज. टूर्नामेंटच्या दिवशी दारापासून बाहेर रांग असते पण भराभर सरकते. इथलं बार्बेक्यू लेक्सिंग्टन पद्धतीचं, म्हणजे डुकराच्या खांद्याचं मांस हिकरीच्या लाकडाच्या निखाऱ्यावर तासन्‌तास भाजून बारीक चिरलेलं, वरून व्हिनेगर-टोमॅटो-मिरीचं पातळ आंबट पाणी, त्याला हे डिप म्हणतात. सोबत लाल स्लॉ, म्हणजे तोच आंबट मसाला घातलेला कोबी, आणि हशपपी, मक्याच्या पिठाची गोल भजी. मला विचाराल तर हशपपी हीच खरी चीज आहे, गरम गरम, बाहेरून कुरकुरीत आणि आत गोडसर, एका वेळी डझनभर जातील. शेवटी पीच कॉब्लर खा. बायको मांस खात नाही, तिचं हशपपी, स्लॉ आणि कॉब्लरवर भागलं, पण कडक शाकाहारी असाल तर कशात काय तळतात ते विचारून घ्या किंवा डबा गाडीत ठेवा. आमच्या गाडीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होतीच.

रात्रीच्या सेशनला आम्ही वरच्या मजल्यावर होतो. कोलिसियम 1959 चं आहे, बावीस हजारांच्या आसपास माणसं मावतात, वरच्या मजल्याला चढ आहे त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनी खालचंच घ्यावं, पण दिसतं सगळीकडून स्वच्छ. आणि आवाज! एका कोपऱ्यातून टार, समोरच्या कोपऱ्यातून हील्स, परत टार, परत हील्स, असं लाटेसारखं जातं, टार हील्स हे यूएनसीच्या संघाचं टोपणनाव. मग तेच स्टेटवाले त्यांच्या टोपणनावाचं, वुल्फ आणि पॅक, करतात. प्रत्येक कॉलेजचा बँड बास्केटच्या मागे, टाइमआउट झाला की सुरू. टीव्हीवर हे काहीच कळत नाही, टीव्हीवर जाहिराती असतात.

यूएनसीचं ते वर्ष वाईट होतं. सीझन सुरू होताना देशात पहिल्या नंबरवर धरलेला संघ, आणि त्या रात्री व्हर्जिनियाशी 68-59 हरले, पुढे एनसीएएमध्ये जागाही मिळाली नाही. लेक शेवटची दोन मिनिटं माझा दंड धरून बसली होती. शेजारी आकाशी शर्टातल्या एक आज्जी होत्या, त्यांनी पर्समधून टिश्यू काढून तिला दिला आणि म्हणाल्या, बाळा, मी 1957 पासून बघतेय, पुढच्या वर्षी परत येऊ. मग साडेनऊनंतर माझी मॅच, स्टेट विरुद्ध क्लेमसन, 80-54 हरलो, तिचं तर सांगण्यासारखंही काही नाही. म्हणजे गुरुवारी गावच्या चारपैकी तीन हरले, आणि उरलं ते ड्यूक. मध्यरात्री आय-40 वर नुसत्या मागच्या दिव्यांची रांग, घरी जाणारी सगळी लाल आणि आकाशी माणसं. शनिवारची फायनल आम्ही घरीच टीव्हीवर बघितली, ड्यूकने व्हर्जिनियाला 59-49 हरवलं, जॉन शायर यांचं कोच म्हणून पहिलंच वर्ष. छान खेळले, खरंच. पण त्या रात्री कोलिसियममध्ये असतो तरी गुरुवारसारखं काही मिळालं नसतं याची मला खात्री आहे.

दिवसभर जाणार असाल तर सकाळी लवकर निघून ग्रीन्सबरो डाउनटाउनमधलं सिव्हिल राइट्स म्युझियम बघा. 1 फेब्रुवारी 1960 ला इथल्याच ए अँड टी कॉलेजची चार कृष्णवर्णीय मुलं वूलवर्थच्या दुकानातल्या फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या जेवणाच्या काउंटरवर जाऊन बसली, ते दुकान म्हणजेच आताचं म्युझियम, काउंटर अजून तिथेच आहे. तिथून कोलिसियम गाडीने दहा मिनिटांवर. हे बघून मग मॅच बघितली की कोर्टवरची पोरं वेगळी दिसतात, कारण या कॉलेजांच्या बास्केटबॉल संघांत कृष्णवर्णीय मुलांना जागा मिळायला साठचं दशक उजाडावं लागलं.

2024 ला टूर्नामेंट वॉशिंग्टनला गेली. माझं जाणं झालं नाही आणि नेमकं त्याच वर्षी स्टेटने जिंकली. दहावं सीडिंग, म्हणजे टूर्नामेंटच्या क्रमवारीत दहावा नंबर, मंगळवारपासून शनिवारपर्यंत पाच दिवसांत पाच मॅच, एक हरली की संपलं. लुइव्हिल, सिराक्यूज, ड्यूक, मग सेमीफायनलला व्हर्जिनिया. तिथे तीनने मागे असताना मायकल ओकॉनलने शेवटच्या क्षणी लांबून फेकलेला बॉल बोर्डाला लागून आत गेला आणि ओव्हरटाइम झाला. मी सोफ्यावरून उठून अंगणात गेलो, मला बघवत नव्हतं, बायको आतून ओरडून सांगत होती. फायनल यूएनसीशीच, 84-76. सदतीस वर्षांनी. लेक हॉस्टेलवर होती, तिचा फोन आला, आधी दहा सेकंद दोघंही गप्प, मग म्हणाली, बाबा, मनापासून अभिनंदन. त्या रात्री कॅम्पसवर घंटाघर लाल दिव्यांनी उजळलेलं असतं, मी आणि बायको साडेअकराला गाडी काढून तिथे गेलो, हजारो पोरं, आणि पोरांच्या मधे माझ्या वयाची, माझ्याहून म्हातारी कितीतरी माणसं, कुणी आपल्या बापाचा जुना स्वेटर घालून आलेलं.

फोन बघितला तर वेकच्या आजोबांचा मेसेज. नुसता एक फोटो, स्कोअरबुकचं पान, टीव्हीसमोर बसून लिहिलेलं, सगळे आकडे एका रेषेत, खाली 84-76 आणि त्याला गोल. त्यांच्या कॉलेजची मॅच नव्हती ती.

आता शार्लट, म्हणजे 2025. लेकीबरोबर शुक्रवारी सेमीफायनलला गेलो, ड्यूक विरुद्ध यूएनसी, स्पेक्ट्रम सेंटरला. जागा उत्तम, डाउनटाउनच्या मधोमध, ट्रामने जाता येतं, खुर्च्या मऊ, शाकाहारी माणसाला आजूबाजूला खायला भरपूर. पण मॅच संपली की माणसं बारमध्ये आणि हॉटेलात पांगतात. ग्रीन्सबरोला पार्किंगमध्येच सगळे तास-तासभर उभे असतात, गाडीची डिकी उघडून, आणि हरलेला जिंकलेल्याला खायला देतो. तो भाग इथे मिळाला नाही.

मॅच मात्र अशी की सांगता सोय नाही. यूएनसी 24 ने मागे, आणि तिथून एक-एक करत आले. शेवटचे चार सेकंद, दोन पॉइंटने मागे, दोन फ्री थ्रो. पहिला आत. दुसराही आत, बरोबरी, आमच्या बाजूचं सगळं स्टेडियम हवेत, आणि शिट्टी वाजली. यूएनसीच्याच एका खेळाडूचा पाय रेषेच्या आत लवकर पडला होता, फ्री थ्रो रद्द. 74-71. लेक खाली बसली, तोंडावर हात. मी तिला काही बोललो नाही, नुसता शेजारी बसून राहिलो, मला 2003 ची गाडी आठवली. पाच-सात मिनिटांनी ती म्हणाली, बाबा, ग्रीन्सबरोला परत कधी आहे?

ज्यांची मुलं लहान आहेत त्यांच्यासाठी एक सांगतो, मुलींची एसीसी टूर्नामेंट ग्रीन्सबरोने कित्येक वर्षं भरवली आणि तिकडे गर्दी कमी, तिकीट स्वस्त, सीट कोर्टच्या अगदी जवळ. खेळ तितकाच भारी. मुलींची स्पर्धा तुमच्या जवळपास असेल तर आधी तिकडे न्या.

ग्रीन्सबरो, पाचपैकी पाच. शार्लट, साडेतीन. रीसेल साइट, शून्य. हशपपी दोन प्लेट मागवा, एक पुरत नाही.